खोलीतील आरमार

दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड रचावयाचे, त्यांवर भिजवलेले गोणपाट पसरावयाचे, वरून लाल मातीचा गिलावा द्यावयाचा, मोहरी-हळीव पेरून उतारावर रान उगवावयाचे आणि शेवटी बाजारातून आणलेली मातीची चित्रे मांडावयाची, असा हा क्रम आहे. माथ्यावर सिंहासनावर महाराज, दरवाजाशी पहारेकरी, वाटेवर मावळे. कोणी वाघ ठेवतो, कोणी गवळण. ह्या किल्ल्यांत एक उणीव मात्र बहुधा आढळते. पायथ्याशी परातीत पाणी घालून एखाद्या मुलाने सिंधुदुर्ग केलाच, तर त्या पाण्यात फार तर एक कागदाची होडी तरंगते. महाराजांचे आरमार त्या परातीत उतरलेले नसते.

ही उणीव केवळ मुलांची नव्हे. आपल्या बुद्धिबळाच्या पटावर कोपऱ्यातील मोहऱ्यास आपण हत्ती म्हणतो. बंगाल्यात त्याच मोहऱ्याचे नाव नौका आहे. नद्यांच्या देशाने पटावर नाव आणली आणि सातशे किलोमीटरांचा सागरकिनारा लाभलेल्या देशाने हत्ती व उंट यांवर समाधान मानले, ही गोष्ट गमतीची तशीच थोडी विचार करावयास लावणारी आहे.

पाश्चात्त्य देशांत ज्यास छोट्या जहाजांचा युद्धखेळ म्हणता येईल, तो खेळ आता शंभराहून अधिक वर्षे रुळला आहे. चार-सहा हौशी माणसे सुटीच्या दिवशी एकत्र येतात. मोठ्या टेबलावर निळे कापड पसरतात, किंवा सरळ जमिनीवर बसतात. बोटाच्या पेराएवढी जहाजे मांडतात. प्रत्येक पाळीत कोणते जहाज किती इंच सरकावे, वाऱ्याकडे तोंड असता किती, पाठीशी वारा असता किती, तोफ किती अंतरावर लागू पडावी, याचे नियम लिहिलेले असतात. जे नियमांत बसत नाही, ते फाशांवर सोपवतात. कारण समुद्रावर दैवाचा वाटा मोठा असतो. एखादा इतिहासातील संग्राम निवडून तो पुन्हा लढावयाचा आणि झाले ते तसेच का झाले, हे पाहावयाचे, हा त्या खेळाचा खरा रस.

ह्या विद्येचा एक आद्य उपासक समुद्रावरील माणूसच नव्हता. जॉन क्लार्क ऑफ एल्डिन हा स्कॉटलंडमधील व्यापारी. आरमारात त्याने एक दिवसही चाकरी केली नाही. जहाजांच्या लहान लहान प्रतिकृती करून त्या टेबलावर मांडावयाच्या, मोडावयाच्या, पुन्हा मांडावयाच्या, हा त्याचा छंद. त्यातून त्याने आरमारी डावपेचांवर एक निबंध लिहिला. त्याचा पहिला भाग 1782 मध्ये छापला गेला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रात ॲडमिरल रॉडनीने फ्रेंचांची फळी मधोमध फोडली. ती युक्ती आपलीच, असे क्लार्कचे पक्षपाती म्हणत राहिले आणि दर्यावर्दी लोक ते नाकारीत राहिले. वाद कोणाचाही खरा असो; घरात बसलेल्या गृहस्थाशी वाद घालावा असे नाविकांस वाटले, हीच त्या टेबलाची प्रतिष्ठा. पुढे 1898 मध्ये फ्रेड जेन ह्या इंग्रजाने पोलादी युद्धनौकांचा खेळ प्रसिद्ध केला. जगातील आरमारांची जी जाडजूड वार्षिके आजही त्याच्या नावाने ओळखली जातात, त्यांचा जन्म त्याच वर्षी ह्या खेळाच्या सोयीसाठी झाला.

क्लार्कचे उदाहरण साकीनाक्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसास धीर देणारे आहे. साकीनाका हा तसा साष्टी बेटाच्या पोटातील भाग. अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता, पवईकडे फुटणारा रस्ता, दुतर्फा कारखान्यांचे गाळे, डोक्यावरून 2014 पासून धावणारी मेट्रो. पाणी म्हणावे तर विहार-पवईच्या तलावांतून निघून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी. येथून समुद्र दिसत नाही. तथापि हे सारे बेट समुद्रावरील सत्तेनेच हातोहात फिरलेले आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, 1739 मध्ये वसई पडली. आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला, तो मुंबई बंदरातील जहाजांच्या जोरावर. ह्या बेटावर राहून आरमाराचा विचार न करणे, हेच वस्तुतः आश्चर्य.

तर साकीनाक्याच्या एखाद्या चाळीतील दहा बाय बाराची खोली घ्यावी आणि तीत 1679 सालचा खांदेरीचा संग्राम मांडून पाहावा. मराठ्यांच्या आरमाराने इंग्रजांशी केलेला हा पहिला मोठा सामना. प्रमाण 1200 स एक धरले, म्हणजे शंभर फुटांचे जहाज बरोबर एक इंचाचे होते. खिडकीखाली खांदेरीचे बेट म्हणून एक दगड ठेवावा. थळचा किनारा तेथून सुमारे 5 किलोमीटर. ह्या प्रमाणात ते अंतर चौदा फुटांच्या आतबाहेर येते. म्हणजे खोली पुरत नाही. उंबरा ओलांडून थळची पुळण बाहेरच्या गॅलरीत जाते. उंदेरीचे बेट उंबऱ्याच्या आत, दाराशी राहते. आणि मुंबईचा किल्ला? तो सुमारे 20 किलोमीटर उत्तरेस. मोजून पाहिल्यास पन्नासाहून अधिक फूट, म्हणजे चाळीच्या दुसऱ्या टोकाच्या बिऱ्हाडात. मुंबईकर इंग्रजांना हे बेट एवढे का सलत होते, हे नकाशापेक्षा ह्या मोजणीनेच लवकर ध्यानात येते. बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज त्या दगडावरून दिसणार होते.

शिवाजी महाराजांनी 1672 मध्ये एकदा खांदेरीस हात घातला होता; त्या वेळी इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे काम सोडावे लागले. 1679 च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी थोड्या माणसांनिशी व लहान तोफांनिशी बेटावर उतरला आणि तटाचे दगड रचू लागला. इंग्रजांनी प्रथम लहान गलबते पाठवून त्यास निघून जाण्यास सांगितले. धन्याच्या हुकुमावाचून निघणार नाही, असे उत्तर आले. सप्टेंबरच्या 19 तारखेस लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो तेथेच मारला गेला. मग रिव्हेंज नावाचे फ्रिगेट आले, कॅप्टन मिंचिन व कॅप्टन केग्विन आले. गुराबा, शिबाडे, मचवे मिळून इंग्रजांची आठ जहाजे झाली. त्यांवर सुमारे दोनशे गोरे शिपाई होते. हाच केग्विन पुढे 1683 मध्ये कंपनीच्या काटकसरीस कंटाळून मुंबईत बंड करून उठला आणि काही महिने तेथील धनी झाला. काटकसरीचा संबंध ह्या कथेशीही आहे. तो पुढे येईल.

आता जहाजे मांडावयाची. येथे खेळणाऱ्याची पहिली परीक्षा होते. रिव्हेंजच्या तोफा दोन्ही कुशींस ओळीने होत्या. तिच्या आडव्या अंगास जो सापडेल त्याची धडगत नव्हती. गलबताचे तसे नाही. ते वल्ह्यांचे वाहन. चाळीस-पन्नास वल्हेकरी, तळ उथळ, तोफा हलक्या, दोन ते चार रतलांच्या गोळ्यांच्या. गुराब त्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, आणि तिच्या मुख्य तोफा नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या. यास्तव मराठ्यांनी फ्रिगेटास कुशीकडून भिडणे म्हणजे आत्मघात. त्यांनी पाठीमागून, जेथे तोफा थोड्या तेथून, एकाच वेळी अनेकांनी यावयाचे. वारा पडला की फ्रिगेट हे पाण्यावरचे लाकूड होते आणि गलबत हे गलबतच राहते. खेळाच्या नियमांत हा फरक नीट उतरला नाही, तर साऱ्या खटाटोपात अर्थ नाही. विलायती नियम बहुधा शिडाच्या मोठ्या जहाजांसाठी लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे घेतल्यास पन्नास गलबते पन्नास चिमण्यांसारखी मरतात.

दुसरी परीक्षा वाऱ्याची व भरतीची. इंग्रजी कागदांत ह्या लढाईची तारीख 18 ऑक्टोबर अशी आहे. इंग्रज त्या काळी जुनी कालगणना चालवीत. आजच्या गणनेने तो दिवस 28 ऑक्टोबर येतो. तिथी काढावयाची तर एक सोपी वाट आहे. महाराजांचे निर्वाण 3 एप्रिल 1680 रोजी, चैत्री पौर्णिमेस झाले. ही तारीखही जुन्याच गणनेची. तेथून 168 दिवस मागे मोजीत गेले की लढाईचा दिवस आश्विन वद्य अष्टमीच्या आसपास पडतो. म्हणजे दिवाळीस साधारण आठवडा उरला होता. अष्टमीचा सुमार म्हणजे भांगाचे दिवस. पाण्यास उधाणाची ओढ नाही, प्रवाह मंद. पहाटे अर्धा चंद्र माथ्याजवळ. आणि आश्विनात, पावसाळा सरल्यावर, कोकणकिनाऱ्यास पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. दुपारकडे तो उलटून खारा वारा येतो. किनाऱ्याकडून येणाऱ्यास पहाट अनुकूल, समुद्रावर उभ्या असलेल्यास दुपार. कोळ्याच्या पोरास हे ठाऊक असते. दौलतखानास ते ठाऊक नसावे असे मानण्यास कारण नाही. कारण मराठ्यांचे आरमार निघाले ते उजाडताच.

पन्नासाच्या आसपास गलबते चौलच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरून इतक्या वेगाने आली की इंग्रजांस नांगर उचलण्याचीही उसंत मिळाली नाही. खोलीत हे मोजून पाहता येते. वल्ह्यांनी ताशी चार सागरी मैल आणि पाळी पाच मिनिटांची धरली, तर एका पाळीत गलबत सुमारे वीस इंच पुढे येते. थळपासून खांदेरीपर्यंत आठ पाळ्या. मतलई पाठीशी असेल तर त्याहून थोड्या. वाखाचा जाड दोर हातांनी ओढून नांगर वर घ्यावयाचा, शिडे सोडावयाची आणि तीही समोरून येणाऱ्या वाऱ्यात. एवढ्यात तीन-चार पाळ्या सहज जातात. दोर तोडावा तर नांगर गेला, आणि नांगर कंपनीच्या हिशेबातला. इंग्रजांकडून खेळणारा येथे हमखास घुटमळतो. प्रत्यक्षातही गोंधळच झाला. अर्ध्या तासाच्या आत एका गुराबेने निशाण खाली केले आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. इतर लहान जहाजे दूर सरली. रिव्हेंज एकटी उरली.

आणि येथून पुढे जे झाले, ते सांगताना मराठी लेखणी पुष्कळदा घाईने पुढे सरकते. एकट्या रिव्हेंजने तो सारा ताफा अंगावर घेतला. तिने गलबते जवळ येऊ दिली आणि मग आडव्या अंगाने मारा केला. पाच गलबते बुडाल्याचे इंग्रज सांगतात. उरलेले आरमार फिरले आणि नागोठण्याच्या खाडीकडे, उथळ पाण्यात निघून गेले, जेथे फ्रिगेटास जाता येत नव्हते. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले आणि इंग्रज पुढे होताच पुन्हा आत गेले.

खोलीतील खेळगड्यांत येथे तंटा व्हावयाचाच. महाराजांच्या बाजूने खेळणारा म्हणणार, फासे वाईट पडले, ही पाळी पुन्हा खेळू. पंचाने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात फार महाग पडलेले आहे. 1942 च्या मे महिन्यात जपानी आरमाराने यामातो ह्या युद्धनौकेवर मिडवे बेटाच्या स्वारीचा खेळ मांडला. पंचाने फासे टाकले. अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागू पडले आणि आकागी व कागा ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. ॲडमिरल उगाकी ह्या वरिष्ठाने नऊचे तीन केले. आकागीस किरकोळ इजा ठरली, कागा तेवढी बुडाली; आणि पुढील डावात तीही पाण्यातून वर काढली गेली. महिना लोटतो न लोटतो तोच मिडवेपाशी त्या दोन्ही जहाजांसह चार विमानवाहू जहाजे खरोखरच तळास गेली, आणि तेथे नऊचे तीन करणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी लिव्हरपूल येथे ह्याच्या उलट प्रकार चालू होता. क्षयामुळे आरमारातून निवृत्त व्हावे लागलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एका दालनाच्या जमिनीवर चौकटी आखल्या होत्या. आरमारी स्त्रीदलातील तरुण मुली तेथे खडूने जहाजांचे मार्ग काढीत. पाणबुडीचा मार्ग अशा हिरव्या खडूने काढलेला असे की पडद्याआडच्या भोकातून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास तो दिसू नये. समुद्रावर जेवढे दिसते तेवढेच त्यास दिसावे. ॲडमिरल सर मॅक्स हॉर्टन हे स्वतः नामांकित पाणबुडीवाले. ते पाणबुडी घेऊन खेळावयास बसले आणि पाच वेळा बुडाले. बुडवणारी जेनेट ओकेल नावाची तरुण मुलगी होती. तिच्या हातचे फासे कोणी बदलले नाहीत. म्हणून अटलांटिकमधील अनेक व्यापारी जहाजे वाचली.

तेव्हा खांदेरीच्या खेळातही पाच गलबते बुडाली तर बुडाली म्हणावयाची. पण मग दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. जिंकले कोण?

बुडालेली जहाजे मोजून गुण द्यावयाचे, हा बहुतेक खेळांचा शिरस्ता. त्या हिशेबाने 18 ऑक्टोबरचा दिवस इंग्रजांचा ठरतो. एक गुराब गेली खरी, पण पन्नास जहाजांनी एका जहाजापुढे पाठ फिरवली. लढाईनंतर इंग्रजांनी समाधान मानले ते ह्याच मोजणीवर. परंतु दौलतखान रिव्हेंज बुडवावयास निघाला होता काय? मायनाक भंडारी बेटावर होता. त्यास धान्य हवे होते, पाणी हवे होते, दारूगोळा, लाकूड, चुना आणि माणसे हवी होती. तट वर चढत होता. आरमाराचे काम तो तट पुरा होईपर्यंत बेट जिवंत ठेवणे, एवढेच होते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराविषयी जे नियम घालून दिले, त्यांत ह्याच शहाणपणाची छाप दिसते: शत्रू भारी पडतो असे दिसले तर हट्टाने गलबते गमावू नयेत, ती राखून जंजिऱ्याच्या आश्रयास आणावीत. नागोठण्याच्या खाडीत शिरणे हा पळ होता असे इंग्रजांनी लिहिले. आज्ञापत्र वाचणारा ते निराळ्या दृष्टीने वाचील. यात थोडी आपल्या बाजूची ओढ असेल, हेही मान्य करावयास हवे. पाच गलबतांवरील वल्हेकऱ्यांस कोणतीही दृष्टी वाचवू शकली नाही, आणि त्यांची नावे कोणत्याही कागदावर आलेली नाहीत. ह्या लढाईचे बारीकसारीक तपशील बव्हंशी शत्रूच्याच दप्तरातून मिळतात. शिवाजीविषयक इंग्रजी कागदांचे पुण्यास 1931 मध्ये छापलेले ग्रंथ त्यासाठी चाळावे लागतात. खेळात मात्र मराठ्यांच्या बाजूस एक माणूस बसलेला असतो आणि पंचास त्यालाही विचारावे लागते, तुझा हेतू काय होता?

म्हणून ह्या संग्रामाचे गुण जहाजांवर नव्हे, पोत्यांवर द्यावयास हवेत. दिवसाची लढाई संपली की दिवा मंद करावा. रात्रीच्या पाळीत मराठी खेळगड्याने उंबऱ्यापासून एकेक मचवा सोडावा. प्रत्येकावर चार गव्हाचे दाणे. इंग्रज खेळगड्याने आपली जहाजे कोठे उभी करावयाची, ते आधी कागदावर लिहून पंचाच्या हाती द्यावे. त्याची जहाजे आठ. बेटाच्या भोवतालचा समुद्र मोठा. मचव्यास वारा नको, खोल पाणी नको. भांग सरून अमावास्या जवळ येते, तशा रात्री अंधाऱ्या होतात आणि भरतीचा जोर वाढतो. दाण्यांपैकी काही पकडले जातात, पुष्कळसे खिडकीखालच्या दगडापाशी पोचतात. दहा दाणे पोचले की तटाचा एक थर वर चढतो.

प्रत्यक्षात असेच झाले. रिव्हेंज तेथे असताना, रात्रीच्या काळोखात, लहान होड्या बेटावर जात राहिल्या आणि इंग्रजांस त्या अडवता आल्या नाहीत. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला, तोफांचा भडिमार झाला, तरी बेट पडले नाही. उलट सिद्दीने 1680 च्या जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली आणि तेथे आपल्या तोफा चढवल्या. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, तो साधला नाही. तो स्वतः जखमी झाला. इंग्रजांस हा मित्र आता शत्रूइतकाच नकोसा झाला. सुरतेच्या वरिष्ठांस खर्च दिसत होता: जहाजांचे भाडे, खलाशांचा रोज, दारू. रिव्हेंज एकही लढाई हरली नव्हती; तिला उभे ठेवणे परवडत नव्हते. जानेवारीच्या अखेरीस इंग्रजांची जहाजे निघून गेली आणि मार्चमध्ये तह झाला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. 1718 मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या अमलात मुंबईकरांनी मोठ्या तयारीने तिच्यावर पुन्हा चाल केली, तेव्हाही ती पडली नाही. ती इंग्रजांकडे गेली ती पेशवाई बुडाली त्या वर्षी, 1818 मध्ये.

1867 मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. मायनाकाच्या तटाची जागा 2025 च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आली. चाळीतील खोलीत मात्र रात्री अकराच्या सुमारास अंथरुणे घालावयाची असतात. आठ जहाजे व पन्नास गलबते डब्यात जातात, खिडकीखालचा दगड उचलून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवला जातो, आणि दाणे केरसुणीने गोळा करताना एखादा मचवा दाराच्या फटीत अडकलेला सापडतो; तो कोणाच्या पाळीत तेथे आला होता, यावर आणखी थोडा वेळ वाद चालतो.